दोन सर्व्हिसिंगच्या मधले दहा हजार किलोमीटर

इंदूरचे शेवटचे सत्ताधारी महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना यंत्रांची उत्तम पारख होती. माणिकबाग महाल बांधण्यासाठी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराला पाचारण करणाऱ्या या राजाच्या ताफ्यात हिस्पानो-सुइझा आणि बेंटले होत्या. त्या सगळ्यांत नाव झाले ते नारिंगी-काळ्या रंगाच्या ड्यूसेनबर्गचे. सुपरचार्जर लावलेले आठ सिलिंडरचे इंजिन, कंपनीच्या दाव्यानुसार 320 अश्वशक्ती, आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडवलेली बॉडी. 1930 च्या दशकाच्या मध्यात जगात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

या गाडीचे सर्वांत दूरदर्शी अंग मात्र डॅशबोर्डवर होते. ड्यूसेनबर्गच्या मॉडेल जे मालिकेतील गाड्यांत एक यांत्रिक पेटी बसवलेली असे. गाडी किती चालली हे ती दातेरी चाकांवर मोजत राही. सुमारे 700 मैल झाले की इंजिन ऑइल बदलण्याची आठवण देणारा दिवा लागे, आणि 1,400 मैलांनंतर बॅटरीतले पाणी तपासा असे सांगणारा दुसरा. सांध्यांना वंगण घालण्याचे काम गाडी चालता चालता आपोआप होई. संगणकाचा मागमूस नसलेल्या काळात गाडीने मालकाला स्वतःच्या प्रकृतीची आठवण करून द्यावी, ही कल्पना अमेरिकी अभियंत्यांनी प्रत्यक्षात आणली होती.

तेव्हाचे ऑइल जेमतेम अकराशे किलोमीटर टिके. आजच्या सर्वसाधारण पेट्रोल गाडीला कंपनी 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत देते. सोय मोठीच आहे. पण तिचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. बोनेट वर्षातून एकदाच, तेही सर्व्हिस सेंटरमध्ये उघडले जाते. मधल्या काळात टायरमधली हवा उतरते, कूलंट कमी होते, ब्रेकचे पॅड झिजतात, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुकटी चढते. हे सगळे सावकाश होते, आणि पाहणारे कोणी नसते.

पंधरा वर्षांची पोकळी

इंदूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यात, नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा वेगवान मार्ग 29 जून 2021 रोजी तत्कालीन अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते खुला झाला. आशियातला हा सर्वांत लांब चाचणीमार्ग. शेजारीच ब्रेकच्या चाचणीसाठी, चढ-उतारांसाठी, खडबडीत रस्त्यांसाठी स्वतंत्र मार्ग आहेत. बाजारात येण्याआधी नव्या मॉडेलला अशा ठिकाणी अक्षरशः पिळून काढतात. पुण्याची एआरएआय ही संस्था असले काम 1966 पासून करत आली आहे.

गाडी विकली गेली की हे कडक परीक्षक तिच्या आयुष्यातून निघून जातात. खासगी मोटारीची नोंदणी भारतात 15 वर्षांची असते, आणि फिटनेसची सरकारी तपासणी त्या नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी होते. मधल्या काळात सक्तीचे असते ते पीयूसी, आणि त्यात फक्त धूर तपासतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांच्याकडे पीयूसीवाला बघतही नाही, ते त्याचे कामच नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते. जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे एमपी 09 पाटीची गाडी 2012 साली नोंदली गेली असेल, तर तिच्या ब्रेककडे सरकारी नजर पहिल्यांदा वळेल ती 2027 मध्ये.

म्हणजे पीथमपूरचा चाचणीमार्ग आणि आरटीओची फिटनेस यांच्या मधली सगळी वर्षे तपासनीस एकच असतो, गाडीचा मालक. हे काम तो करतो की नाही, यावर घरातल्या माणसांचा जीव अवलंबून असतो. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. आपल्या गाडीचे 'नेहमीचे' रूप त्याला माहीत असावे लागते, म्हणजे बदल झाला की तो डोळ्यांत भरतो.

बोनेट उघडायची सवय

एके काळी ही सवय सक्तीचीच होती. कुर्ल्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी किंवा अँबेसेडर ज्या घरी असे, त्या घरात रेडिएटरचे पाणी आणि इंजिनचे ऑइल पाहिल्याशिवाय लांबच्या प्रवासाला कोणी निघत नसे. डिकीत फॅन बेल्ट, प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवलेला असे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काजळले की गाडी अडे, आणि मालक रस्त्याच्या कडेला ते घासून पुन्हा निघे. 1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली आणि गाडी रोजच्या रोज अडेनाशी झाली. 2000 च्या आसपास कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. पॉइंट गेले, चोक गेला, ट्यूनिंग गेले. त्यांच्याबरोबर बोनेट उघडण्याचे निमित्तही गेले.

ऑइल, कूलंट, हवा, ब्रेक आणि बॅटरी यांची गरज मात्र तेव्हा होती तेवढीच आजही आहे.

तपासणीचे सामान थोडे आहे. टायरमधली हवा मोजणारा गेज, चांगली टॉर्च, सुती फडके, रबरी हातमोजे आणि एक साधा मल्टिमीटर. यातला मल्टिमीटर महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकल दुकानांत सहज मिळतो. सर्वांत मोलाची वस्तू मात्र गाडीबरोबर फुकट मिळालेली असते, ती म्हणजे ग्लोव्ह बॉक्समधली मालकाची पुस्तिका. कोणते ऑइल, किती हवा, कोणता फ्यूज कशाचा, हे सगळे तिच्यात असते. यूट्यूबवरचा व्हिडिओ दुसऱ्या कोणाच्या गाडीबद्दल बोलत असतो, पुस्तिका आपल्या गाडीबद्दल बोलते.

पट्टीवरचे ऑइल

तपासणीची सुरुवात इंजिन ऑइलपासून करावी. सकाळी, इंजिन थंड आणि गाडी सपाट जागेवर असताना. इंदुरातल्या कित्येक घरांत गाडी फाटकाच्या उतारावर उभी राहते. तिथे घेतलेले माप खोटे येते.

डिपस्टिकची कडी बहुधा पिवळी किंवा नारिंगी असते. ती ओढून पट्टी बाहेर काढली की पहिल्या वेळचा ऑइलचा डाग विचारात घ्यायचा नाही. गाडी चालताना उडालेले ऑइल नळीच्या भिंतींना लागलेले असते, ते पट्टीवर येते. पट्टी फडक्याने स्वच्छ पुसायची, पूर्ण आत घालायची, दोन क्षण थांबून पुन्हा काढायची आणि आडवी धरायची. टोकाशी दोन खुणा असतात, खालची किमान आणि वरची कमाल. ओली रेषा दोन्हींच्या मध्ये हवी. पट्टीच्या दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली, तर कमी असलेली खरी मानावी. कित्येक छोट्या गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते. म्हणून भर घालायची तर पाव लिटरच्या आत घालावी, थोडे थांबावे आणि पुन्हा मोजावे. कमालच्या वर भरलेले ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळले जाते, त्याला फेस येतो, आणि फेसाळ ऑइलचा दाब पुरेसा राहत नाही.

रंगही वाचता येतो. डिझेल इंजिनमध्ये नवे ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळे पडते, त्यात काळजीचे काही नाही. पेट्रोलच्या गाडीत मधाळ रंग हळूहळू तपकिरी होतो. पट्टीवर दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते. त्या दिवशी गाडी चालवून गॅरेजला नेण्यापेक्षा मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइल-कॅनचा दिवा पातळी दाखवत नाही, तो दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागेपर्यंत इंजिनातल्या बेअरिंगांचे वंगण सुटलेले असू शकते. तो दिसताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. पुढचा पेट्रोल पंप किती लांब आहे, हा विचारसुद्धा करायचा नाही.

बोरिंगचे पाणी रेडिएटरला नको

इंदूरला नर्मदेचे पाणी 1978 मध्ये आले. जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, पाणी पंपांनी चढवून आणण्याची ही योजना शहराचा कायापालट करणारी ठरली. तरीही असंख्य घरांत, सोसायट्यांत आणि धुलाई केंद्रांत बोरिंगचे पाणी वापरतात. माळव्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. गीझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली चढते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढली तर मे महिन्यात, पारा 42 अंशांवर असताना, इंजिन तापते. म्हणून कूलंटमध्ये भर घालायची ती त्याच प्रकारच्या कूलंटची, आणि पातळ करायचे तर डिस्टिल्ड वॉटरने.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना प्लास्टिकच्या पारदर्शक टाकीवरची पातळी दोन खुणांमध्ये दिसली पाहिजे. झाकण काढण्याचीही गरज नसते. गरम इंजिनवर तर ते काढूच नये. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलिन ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्यावर सुमारे 107 अंशांना उकळते. बंद प्रणालीत दाब असल्याने त्याहून अधिक तापमानालाही ते द्रव राहते. झाकण सैल करताच दाब उतरतो, द्रव क्षणात उकळतो आणि कारंज्यासारखा अंगावर येतो. चेहरा आणि हात भाजण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

टाकी दर महिन्याला थोडी थोडी रिकामी होत असेल, तर ते पाणी कुठे तरी जाते आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी त्यावर स्वच्छ पाण्याचा डाग दिसला आणि आदल्या दिवशी एसी चालला असेल, तर चिंता नाही. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी डाग कूलंटचा. काळपट तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, निसरडा डाग दिसला तर ब्रेक ऑइल गळत असावे. अशी गाडी हलवू नये.

टायर आणि माळव्याचे तापमान

पीथमपूरजवळ खेडा इथे ब्रिजस्टोनचा कारखाना 1998 पासून टायर बनवतो आहे, म्हणजे इंदूरच्या रस्त्यांवरचे कितीतरी टायर इथल्याच मातीत घडलेले आहेत. पण टायर कितीही चांगला असला तरी गाडीचे वजन तो एकटा उचलत नाही. ते त्याच्यातली हवा उचलते.

हवेचा योग्य दाब टायरच्या बाजूवर छापलेला नसतो. तिथे असते ती टायरची कमाल मर्यादा. गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत मिळतो. छोट्या गाड्यांना तो साधारण 30 ते 35 पीएसआय असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा दिलेला असतो. हा दाब टायर थंड असतानाचा, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचा. दहा किलोमीटर चालवून पंपावर मोजलेला आकडा चढाच दिसणार, आणि तो पाहून हवा काढली तर रात्रीतून टायर ढिला होणार.

इथे इंदूरची हवा आपला हात दाखवते. तापमान दहा अंशांनी उतरले की अशा टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. मेच्या पहाटे 27 अंश असताना बरोबर 32 भरलेली हवा, एक थेंबही न गळता, जानेवारीतल्या 10 अंशांच्या पहाटे साडेएकोणतीसच्या आसपास येते. त्यात नैसर्गिक झिरप मिळवली तर घट आणखी मोठी होते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूंनी अधिक वाकतो, वाकण्यातून उष्णता निर्माण होते, आणि उन्हाळ्यात धुळ्याच्या रस्त्याने भरधाव जाताना हीच उष्णता टायर फोडते. म्हणून दर पंधरा दिवसांनी, आपल्याच गेजने, सकाळी मोजणे चांगले. पंपावरच्या यंत्राचा आकडा आणि आपला आकडा जुळतो का, हेही एकदा पाहून ठेवावे. स्टेपनीचा दाब तर हटकून पाहावा, कारण तिची आठवण पंक्चर झाल्यावरच होते.

झीजही बोलते. फक्त मधला भाग झिजला तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या तर कमी होती. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडले आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीला आले की टायर संपला. कायद्यानुसार मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले चार आकडे त्याचे वय सांगतात. 2223 म्हणजे 2023 सालचा बाविसावा आठवडा. महिनोन्महिने उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरला खाचा शाबूत असूनही बाजूने बारीक तडे जातात. ते टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसतात.

घाट उतरण्यापूर्वी

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. महाराष्ट्राकडे निघालेल्या प्रत्येक गाडीला हे पठार उतरावे लागते. खंडवा रस्त्याने गेले तर सिमरोलपुढे भेरूघाट, आणि आग्रा-मुंबई रस्त्याने गेले तर मानपूरपुढे गणपती घाट. पुढे सेंधव्यानंतर सातपुड्यातला बिजासन घाट येतो तो वेगळाच. गणपती घाटाचे नाव ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांमुळे वर्षानुवर्षे बातम्यांत येत राहिले, इतके की उतरणाऱ्या वाहनांसाठी शेवटी वेगळा रस्ता बांधावा लागला.

ब्रेक घाटात का दगा देतात, हे हिशेबाने समजते. माणसे आणि सामान धरून 1,300 किलोची गाडी मानपूरच्या बाजूने नर्मदेपर्यंत सुमारे 400 मीटर खाली येते. त्यात पन्नास लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा मोकळी होते. सतरा लिटर थंड पाणी उकळीला आणायला एवढीच ऊर्जा लागते. तिचा बराच वाटा वाऱ्याचा विरोध, टायर आणि इंजिन खातात, पण तेही गाडी गिअरमध्ये असेल तरच. पेट्रोल वाचेल या समजुतीने न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक इंजिनचा वाटाही ब्रेकच्या गळ्यात टाकतो. बरे, आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचतसुद्धा होत नाही.

उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंशांना उकळावे असा निकष आहे. डॉट 3 साठी तो 205 आहे. पण हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते, आणि इंदूरचा चार महिन्यांचा पावसाळा ती मुबलक पुरवतो. पाणी शिरलेल्या डॉट 4 चा निकष 155 अंशांपर्यंत उतरतो, डॉट 3 चा 140 पर्यंत. ऑइल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. पायाखालचे पेडल तळाला जाते आणि चाकाशी काहीच पोहोचत नाही. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला, बऱ्याच गाड्यांत दर दोन वर्षांनी, ब्रेक ऑइल बदलायचे असते, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

घरी करायचे ते एवढेच. बोनेटखालच्या छोट्या टाकीवर ब्रेक ऑइलची पातळी पाहायची. ती सावकाश उतरत असेल तर पॅड झिजत आहेत, आणि नुसती भर घालून ही खूण पुसायची नाही. अलॉय चाकांच्या फटींतून टॉर्चने पॅडची जाडी दिसते. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटरचा असतो. तो तीनाच्या आसपास आला की बदलायची तयारी करावी. ब्रेक दाबताना बारीक किंचाळणे ऐकू आले तर तो पॅडमध्ये मुद्दाम बसवलेला धातूचा इशारा असू शकतो. पेडल मऊ लागते का, गाडी एका बाजूला ओढते का, हे घाटात जाण्याआधी शांत रस्त्यावर पाहून ठेवावे.

बॅटरी, वायपर आणि ऋतू

बॅटरीला उन्हाळा मारतो आणि तिचे मरण बहुधा हिवाळ्यात उघड होते. उष्णतेने तिच्या आतल्या पट्ट्या वेगाने गंजतात, आणि जानेवारीच्या सकाळी घट्ट झालेले ऑइल फिरवताना तिची ताकद अपुरी पडते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरने 12.6 व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे पाऊण, आणि 12 म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यावा. आला नाही, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर तपासून घ्यावा. टर्मिनलवरची पांढरी-निळसर बुकटी हातमोजे घालून, पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावी. तार सोडवताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण, हा क्रम चुकवू नये. नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते.

बाकीची कामे माळव्याच्या ऋतूंना बांधून घेता येतात. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी सुरू असते आणि तिचा भुसा एअर फिल्टरमध्ये शिरतो. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतर राजवाड्याच्या आसपास उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचेखालच्या जाळीत गुलाल भरलेला असतो. तो ब्लोअरमधून केबिन फिल्टरमध्ये जातो. हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पान्याशिवाय निघतो. जून लागण्याआधी त्याच जाळीतला कडुनिंबाचा पाला हाताने काढावा. तो कुजून पाण्याची वाट बुजवतो, आणि मग पावसाचे पाणी गाडीत पायांशी साचते. वायपरची रबरे उन्हाने कडक झाली असतील तर पहिल्या सरीपूर्वीच बदलावीत. सोयाबीनची कापणी उरकली की शेतातले उंदीर निवारा शोधतात, आणि बोनेटखालची ऊब त्यांना आवडते. वायरींवर दातांच्या खुणा किंवा लेंड्या दिसतात का, हे ऑक्टोबरपासून दर आठवड्याला पाहावे. डिसेंबर-जानेवारीत आग्रा-मुंबई रस्त्यावर धुके उतरते, तेव्हा सर्व दिवे चालू हवेत. ब्रेकचे दिवे एकट्याने तपासायचे तर रात्री गाडीची मागची बाजू भिंतीकडे करून ब्रेक दाबावा. भिंतीवर दोन लाल गोळे दिसले की काम झाले.

गाडी स्वतःच सांगते ते

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा छिद्रांचे एक सॉकेट असते. ही ओबीडीची जोडणी. तिच्यात बसणारा छोटा ब्लूटूथ रीडर मोबाइलला जोडला की गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचता येतात. पी0300 म्हणजे सिलिंडरमध्ये मिसफायर, पी0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची क्षमता घटलेली. कोड वाचून लगेच सुटे भाग बदलायला जाऊ नये. कोड लक्षण सांगतो, कारण शोधायचे काम उरतेच. पण गॅरेजमध्ये काय सांगितले जाते आणि गाडी काय सांगते, हे ताडून पाहण्याचे साधन यामुळे मालकाच्या हाती येते. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखवून घ्यावे. तो लुकलुकत असेल तर मिसफायर कन्व्हर्टर जाळत असतो, तेव्हा वेग कमी करून गाडी थांबवावी.

कुठे थांबायचे

स्वतः करण्याची हौस जिवावर बेतू नये. जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. खाली जायचेच असेल तर पक्क्या फरशीवर ॲक्सल स्टँड लावावेत. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या आणि हायब्रीड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी तारा यांना हात लावू नये. ब्रेकची नळी, टायमिंग बेल्ट, स्टिअरिंग ही कामे जाणकाराचीच. वॉरंटीतल्या गाडीचे सर्व्हिसिंग ठरल्या मुदतीत करून पावत्या जपाव्यात. पाहणी आणि योग्य प्रतीची भर यांनी वॉरंटीला धक्का लागत नाही. दिवे-हॉर्न बसवण्यासाठी वायरी कापल्या तर मात्र लागू शकतो.

घरी ऑइल बदलणाऱ्यावर आणखी एक जबाबदारी येते. जुने ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे, आणि गटारात ओतलेले ऑइल शेवटी कान्ह नदीला मिळते. 2017 पासून सलग कित्येक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदुराने घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करण्याची शिस्त लावून घेतली, आणि त्यात घरगुती घातक कचऱ्याला स्वतंत्र कप्पा आहे. तेलकट फडकी आणि फिल्टर त्यात जातात. ऑइल मात्र झाकणाच्या डब्यात भरून अशा गॅरेजला द्यावे, जिथून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जाते.

शेवटी एक वही हवी. तारीख, किलोमीटर, चारही टायरचा दाब, ऑइलची पातळी, कूलंटची पातळी, बॅटरीचे व्होल्ट, एवढे रकाने पुरतात. पहिल्या महिन्यात त्यातून फारसे काही कळणार नाही. सहा महिन्यांनी मात्र उजवा मागचा टायर दर पंधरवड्याला दोन पीएसआय गमावतो, किंवा ऑइल हजार किलोमीटरला पाव लिटर उतरते, हे आकड्यांत दिसू लागते. सर्व्हिसिंगला जाताना ही वही बरोबर न्यावी. 'गाडी जरा आवाज करते' असे म्हणण्याऐवजी मालक मिस्त्रीला सांगू शकतो, की थंड इंजिनवर, दुसऱ्या गिअरमध्ये, डावीकडे वळताना, गेल्या चारशे किलोमीटरपासून आवाज येतो आहे. मिस्त्रीचा अर्धा दिवस त्यामुळे वाचतो, आणि नको असलेला सुटा भागही बिलावर चढत नाही.